कॉर्नेटला ट्रम्पेटचा माउथपीस : माझे एकवीस दिवस आणि एक ड्रॉइंग

"ड्रॉइंग आणलायसा काय?"

हे वाक्य मी उन्हाळ्याच्या सुट्टीत इतक्या वेळा ऐकलं की अजून झोपेत दचकतो. बोटाएवढ्या पितळी तुकड्यासाठी मापांचं ड्रॉइंग! असो. पहिल्यापासून सांगतो, कारण आमच्या बेळगावात अजून कुणीतरी ट्रम्पेटचा माउथपीस कॉर्नेटला बसवायचा हा उद्योग करायला जाणार याची मला खात्री आहे.

माझ्याकडं काकांचं कॉर्नेट आहे, म्हणजे ट्रम्पेटच्या भावकीतलं फुंकून वाजवायचं पितळी वाद्य. काका पलटणीच्या बँडमध्ये होते. ते गेल्यावर वाद्य माळ्यावर पडलं होतं, ते मी काढलं आणि गल्लीच्या मंडळाच्या बँडपथकात वाजवायला लागलो. वाद्य ठणठणीत, पण माउथपीसवरचा, म्हणजे ओठाला लावून फुंकायच्या सुट्या तुकड्यावरचा, चांदीचा मुलामा पार उडालेला. नागडं पितळ ओठाला लागलं की अर्ध्या तासात ओठ चुरचुरायचे. एकदा तर वरचा ओठ असा सुजला की मी शिकवतो त्या वर्गात पोरं पाठ फिरवून हसत होती. शिवजयंती महिन्यावर आली होती. आमच्याकडं ती वैशाखात, आणि चित्ररथांच्या मिरवणुकीत रात्रभर वाजवायचं म्हणजे ओठ शाबूत पाहिजेत. म्हणून नवा माउथपीस मागवला.

दुकानदाराला फोनवर म्हटलं, "7सी द्या." तो म्हणाला, "कुठल्या वाद्याला?" मी म्हटलं, "कॉर्नेटला." तो म्हणाला, "बी फ्लॅट पट्टीचं ना? मग ट्रम्पेटचाच चालतोय. सगळे सारखेच." पैसे गेले अकराशे, आणि वर कुरिअरचे.

आता हे 7सी प्रकरण समजून घ्या, माझं सगळं इथंच घसरलं. व्हिन्सेंट बाख नावाच्या माणसानं 1918 साली न्यूयॉर्कमध्ये माउथपीस बनवायला सुरुवात केली. त्याच्या पद्धतीत आकडा जितका लहान तितकी वाटी (ओठ टेकतो तो खोलगट भाग) रुंद, आणि अक्षर ए-कडून ई-कडं जाईल तशी वाटी उथळ. बँडची वाद्यं बनवणाऱ्या मेरठपासून सगळीकडं आज हेच आकडे ठोकतात. पण 7सी ट्रम्पेटचाही असतो आणि कॉर्नेटचाही! वाटीच्या काठाचं माप साधारण तेच, खालचा दांडा मात्र वेगळा. आकडा ओठाचं माप सांगतो, वाद्याचं नाही. दोन्ही वाद्यं बी फ्लॅट, दोन्हींची नळी उलगडली तर साडेचार फुटांच्या आसपास, हे सगळं खरं. पण कॉर्नेटचा दांडा आखूड आणि बारीक. ट्रम्पेटचा माउथपीस 87 मिलिमीटर लांब, माझा जुना कॉर्नेटचा 70. टोकाला जाडीत फरक साधारण एक मिलिमीटरचा.

एक मिलिमीटरचं काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. पण दांड्याला उतार असतो, वीस मिलिमीटर लांबीला एक मिलिमीटर. म्हणजे जाडी एकानं जास्त असली की दांडा वीस मिलिमीटर बाहेर राहणार. जुना माउथपीस नळीत दोन सेंटिमीटरहून जास्त आत जायचा, नवा तोंडाशीच अडकला. चार मिलिमीटर आत असेल नसेल. हात लावला की डुलतोय, लग्नातल्या नवऱ्याच्या फेट्यासारखा. तसाच धरून फुंकलं तर फोनमधला ट्यूनर 40 सेंट खाली. अर्धा सूर म्हणजे 100 सेंट, त्यावरून काय ते ओळखा. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर लावायची सरकती नळी, पूर्ण आत ढकलली तरी सूर काही वर पोचला नाही. क्लॅरिनेटवाला नुसता माझ्याकडं बघत राहिला. तो हसला असता तर बरं वाटलं असतं.

यावर गल्लीत मिळालेले सल्ले : एक, कागद गुंडाळा. (कागद बारीक दांड्याला गुंडाळतात ओ, जाड्याला नव्हे. कॉर्नेटचा माउथपीस ट्रम्पेटला लावायचा तर ती युक्ती चालते, त्यासाठी पितळी टोपणही मिळतं. उलट्या बाजूनं काही चालत नाही.) दोन, हातोडीनं ठोका. हे कुणीही करू नका. अडकलेला माउथपीस पकडीनं पिरगाळून काढायला गेलात तर पहिल्या नळीचा झाळलेला सांधा सुटतो. तो काढायचा वेगळा पुलर असतो, पलटणीच्या किंवा जुन्या बँडवाल्याकडं सापडतो.

वरून जोडायचा अडॅप्टरही असतो म्हणे, एका टोकाला कॉर्नेटचा दांडा आणि दुसऱ्या टोकाला ट्रम्पेटचं तोंड. पण त्यानं लांबी आणखी वाढणार, आणि माझा रोग लांबीचाच होता.

मग आमचे बँडमास्तर म्हणाले, "लेथवर (धातू फिरवून कापायच्या यंत्रावर) घासून घे की. उद्यमबागेत काय कमी लेथ हाईत?"

खरंच कमी नाहीत. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढं गेलं की फाउंड्र्या आणि मशीन शॉप यांच्याशिवाय काही दिसत नाही. हायड्रॉलिकच्या पार्टपासून गाडीच्या सुट्या भागापर्यंत सगळं तिथं होतं. मला वाटलं, पंधरा मिनिटांचं काम. ओळखीनं एका शॉपमध्ये गेलो. मालकानं माउथपीस हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "ड्रॉइंग?"

म्हटलं, ड्रॉइंग कसलं, हा जाड आहे, जरा बारीक करा.

"किती बारीक? टॉलरन्स, म्हणजे कमीजास्त किती चालंल? अहो सर, उद्या तुम्ही म्हणशीला वाया घालवलं. ड्रॉइंगशिवाय जॉब लागत नाही आमच्याकडं."

पहिल्या दिवशी मला त्याचं पटलं, हे कबूल करतो. शिस्तीचा माणूस, असं घरी येऊन सांगितलंसुद्धा. डिप्लोमाला असलेल्या भाच्याला धरलं, बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर मागून आणला. त्यानं दोन संध्याकाळी घालवून कॉम्प्युटरवर झकास ड्रॉइंग काढलं. प्रिंट घेऊन चौथ्या दिवशी हजर.

मालक साइटवर. "नाळी बर्री," गेटवरचा माणूस कन्नडमध्ये म्हणाला. म्हणजे उद्या या.

पाचव्या दिवशी मालक होता. ड्रॉइंग बघितलं, खिशातलं पेन काढलं आणि कोनावर गोल केला. "हा टेपर, उतार, डिग्रीत पाहिजे." भाच्यानं वीसला एक असं लिहिलं होतं. म्हटलं, त्यातूनच डिग्री निघते ना? "निघते, पण ड्रॉइंगवर पाहिजे." परत घर. भाच्यानं हिशेब केला, एका बाजूला 1 अंश 26 मिनिटं. परत प्रिंट. दहा रुपये.

आठव्या दिवशी लाइट गेलेली. नवव्या दिवशी मालकाच्या पाहुण्यात लग्न. अकराव्या दिवशी म्हणाले, एका नगासाठी सेटिंग बदलायची म्हणजे मशीन दोन तास अडकतं, मोठी ऑर्डर संपू दे. हेही खरं असेल. पण मग पहिल्या दिवशी सांगायचं होतं की! बाराव्या दिवशी "नाळी बर्री". तेराव्या दिवशी "नाळी बर्री". आपल्या कर्नाटकात दारावर "नाळे बा" लिहून भुताला परत पाठवायची गोष्ट सांगतात. भूत येतं, वाचतं, उद्या येऊ म्हणून जातं, आणि उद्या परत तेच वाचतं. मी ऐकून हसायचो. तेराव्या दिवशी गेटावर उभं राहून मला त्या भुताची दया आली.

दुसरं शॉप का धरलं नाही, असं बायकोनं विचारलं. उत्तर एवढंच की, इतके दिवस घातल्यावर माणूस हट्टाला पेटतो. तुम्ही पेटू नका. चौथ्या दिवशीच पुढच्या शेडमध्ये जा.

सोळाव्या दिवशी ड्रॉइंगवर सही नव्हती, हे निघालं. कुणाची सही? "ज्यानं काढलं त्याची." भाचा तोवर हुबळीला गेलेला. मी स्वतः सही ठोकली. मराठीत. मालकानं ती बघितली आणि ड्रॉइंग फाइलला लावलं. फाइलला! माझ्या माउथपीसची फाइल झाली होती.

विसाव्या दिवशी दुपारी गेलो तेव्हा मालक नव्हताच. कोपऱ्यातल्या लेथवरचा म्हातारा टर्नर डबा खात होता. रोज येणारा हा मास्तर कोण, याचं त्यालाही कुतूहल असावं. त्यानं बोलावलं. "काय ओ सर, रोज येऊलायसा. दाखवा बघू काय ते."

मी माउथपीस दिला आणि ड्रॉइंगबद्दल सांगायला लागलो. त्यानं हात हलवला. "ड्रॉइंग राहू दे. जुना हाय काय?"

जुना माउथपीस माझ्या खिशातच होता. वीस दिवस खिशातच होता. कुणी मागितला नव्हता आणि मलाही दाखवायचं सुचलं नव्हतं. हा माझा गाढवपणा, तो मालकाच्या माथी मारत नाही.

त्यानं दोन्ही शेजारी धरले, नव्याच्या दांड्याच्या भोकात डोळा घातला आणि म्हणाला, "हे असंच घासलं तर पत्रा उरंल. आधी कापायचं, मग घासायचं."

तेव्हा मला कळलं. माउथपीसचं भोक टोकाकडं रुंद होत जातं. पूर्ण लांबी ठेवून टोक कॉर्नेटच्या मापाला आणलं असतं तर भिंत पाव मिलिमीटरसुद्धा राहिली नसती, बोटानं चेपली असती. पंधरा मिलिमीटर कापून टाकले की तिथं भोक अरुंद असतं, मग घासायला धातू उरतो. लांबीही आपोआप कॉर्नेटच्या जवळ येते. भाच्याच्या ड्रॉइंगात कापायचं नव्हतंच. म्हणजे मालकानं पहिल्या आठवड्यात ड्रॉइंगबरहुकूम काम केलं असतं तर माझे अकराशे गेले होते. हे आठवलं की राग कुणावर काढायचा तेच कळत नाही.

ड्रॉइंग फाइलला ठेवून दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत त्यानं काम केलं. नायलॉनचा एक तुकडा आतून वाटीच्या आकाराचा करून चिरला आणि त्यात माउथपीस धरून लेथच्या पकडीत, चकमध्ये, आवळला, म्हणजे काठावर ओरखडा नको. दांड्याच्या भोकाला पुढून रिव्हॉल्व्हिंग सेंटरचा, म्हणजे फिरत्या टोकाचा, आधार. जुन्याच्या दांड्यावर मापाची डायल फिरवून उतार पकडला, तोच नव्याला दिला. मला कॉर्नेट आणायला सांगितलं होतं. जुना माउथपीस नळीत घालून आत जातो तिथं पेन्सिलीची रेघ मारली. थोडं घासायचं, नळीत घालून बघायचं, परत घासायचं. रेघेपाशी दोन्ही सारखे आले तेव्हा थांबला. बारीक पॉलिश पेपर मारला. चाळीस मिनिटं. पैसे विचारले तर "चहा पाजा" म्हणाला. मी दोनशे रुपये त्याच्या डब्याखाली ठेवले.

दांड्यावरची चांदी गेली, पितळ उघडं पडलं. पण ते नळीच्या आत जातं, ओठाला काठच लागतो. काळजी नको.

घरी फुंकलं. ट्यूनरचा काटा मध्यावर! मी बायकोला हाक मारून दाखवला. तिला काटा कशाचा ते माहीत नव्हतं, तरी बरं म्हणाली.

बँडमास्तरांनी मात्र डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "सूर बसलाय. पण कॉर्नेट बोलंना झालंय, ट्रम्पेट बोलूलाय." आणि ते खरंच होतं. कॉर्नेटची जुनी वाटी खोल, खाली निमुळती होत जाणारी, त्यामुळं आवाज गोल, मऊ. ट्रम्पेटची वाटी उथळ, भांड्यासारखी, तिच्यानं आवाजाला धार येते. दांडा घासून वाद्याला बसवता येतो, वाटी कशी बदलणार? मिरवणुकीत ती धार कामाला आली, डीजेच्या भिंतीपुढंसुद्धा माझं कॉर्नेट ऐकू येत होतं. पण घरी आरतीला तेच लावलं आणि आत्या म्हणाली, "हे दादाचं वाटत न्हाई बघ." त्या दिवसापासून आरतीला जुनाच.

जुन्याचं ओठ चुरचुरणं? तेही सांगायचं राहिलं. शहापुरातल्या एका सराफाच्या ओळखीनं जुन्या माउथपीसला परत चांदीचा मुलामा चढवून घेतला. चार दिवसांत काम झालं, नव्या माउथपीसच्या निम्म्या पैशात. हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर हा लेखच लिहावा लागला नसता. तुमचा मूळ माउथपीस शाबूत असेल तर आधी हेच करा. मुलामा द्यायच्या आधी काठावरचे खड्डे मात्र पॉलिश करून घ्या, चांदी खड्डे बुजवत नाही.

आणि मागवतानाच "कॉर्नेटचा, आखूड दांडा" असं लिहून घ्या, नुसता आकडा सांगू नका. दुकानात गेलात तर वाद्य बरोबर न्या आणि घालून बघा. दोन सेंटिमीटर तरी आत गेला पाहिजे आणि डुलता कामा नये.

गेल्या आठवड्यात फोन आला. शॉपचा मालक. "सर, ते तुमचं ड्रॉइंग बघितलं. ओके हाय. जॉब घेऊन या उद्या."