पाण्याचा ताळेबंद मांडता मांडता बोलायला शिकले

मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर पंचगंगेच्या काठाला, करवीर तालुक्यात. चारी बाजूंना ऊस. पाण्याची चिंता आमच्याकडे असते ती पुराची, टंचाईची नाही. शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झालं आणि इंजिनिअरिंगला आल्यावर पहिली दोन वर्षं मी वर्गात फारशी बोललेच नाही. पेपर चांगले जायचे, पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, उत्तर येत असूनही वाक्य जुळवण्यात वेळ जायचा. पर्यावरण अभ्यास हा विषयही आम्ही सगळे पास होण्यापुरताच करायचो. या दोन्ही गोष्टी माझ्यासाठी एकाच कामामुळे बदलल्या. ज्युनिअर मुलं ‘कम्युनिकेशन स्किल कसं सुधारायचं’ म्हणून विचारतात तेव्हा मी त्यांना हेच काम सांगते.

तिसऱ्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेतून आमच्या गटाने माण तालुक्यातलं एक गाव घेतलं. सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. पावसाळा संपल्यावर गावाचा पाण्याचा ताळेबंद करून द्यायचा, म्हणजे रब्बीत काय लावायचं ते गावाला ठरवता येईल, असं काम होतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने हे वर्षानुवर्षं केलंय. किती पाऊस झाला, किती मुरला, पिण्याचं पाणी बाजूला काढून उरलेल्यात कोणती पिकं बसतात, ते गाव एकत्र बसून ठरवतं. केंद्राच्या अटल भूजल योजनेतही ग्रामपंचायतीने असा ताळेबंद करणं अपेक्षित होतं.

सुरुवात कागदपत्रांपासून झाली. महसूल मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मिळतो, पण निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदींसाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेला पत्र लिहायचं होतं. ते पत्र आमच्या सरांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतलं. विषय एका ओळीत, काय हवंय ते पहिल्याच परिच्छेदात, कशासाठी ते दुसऱ्यात, बाकी सगळं काढून टाक. आज मी कुठलाही ईमेल तसाच लिहिते. संवादकौशल्याचा माझा पहिला धडा तिथे झाला, आणि त्यात तोंडाने एक शब्दही बोलायचा नव्हता!

मग विहिरी. टेपला वजन बांधून पाण्याची पातळी मोजायची, विहिरीचा व्यास घ्यायचा, मोटर किती पाणी ओढते ते बघायचं. मोटरसाठी पद्धत सोपी आहे. पाइपाच्या तोंडाशी २०० लिटरचा बॅरल ठेवायचा आणि तो भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. एका मळ्यात बॅरल ४० सेकंदांत भरला. म्हणजे सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ हजार. शेतकरीमामा मोबाइलवरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. मी आकडा सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून मोटर बंद केली आणि पुन्हा बॅरल लावायला सांगितला. दुसऱ्यांदाही तेवढाच वेळ लागला. त्यानंतर ते आमच्याबरोबर पुढच्या तीन विहिरींवर आले आणि बॅरल कुठे लावायचा, किती वेळ धरायचा, ते तिथल्या लोकांना त्यांनीच समजावून सांगितलं. माझ्यापेक्षा छान सांगितलं, कारण कुणाची विहीर कधी आटते हे त्यांना माहीत होतं.

आमचा हिशोब असा होता. गावाचं क्षेत्र साधारण १,००० हेक्टर, त्या वर्षी पाऊस ४०० मिलिमीटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी, तेव्हा शिवारात पडलं ४०० कोटी लिटर. यातलं बहुतेक पाणी वाफेने जातं, पिकं आणि गवत घेतात, ओढ्याने वाहून जातं. खाली काळा पाषाण असल्यामुळे मुरणारं पाणी आम्ही दहा टक्के धरलं, म्हणजे ४० कोटी लिटर. माणशी रोज ५५ लिटर आणि जनावरांचं धरून पिण्यासाठी ५ कोटी. उरले ३५ कोटी. कांद्याला हंगामात ६०० मिलिमीटर धरलं तर एकरी २४ लाख लिटर होतात. म्हणजे सगळं पाणी कांद्यालाच दिलं तरी दीडशे एकराच्या आतच कांदा निघतो, आणि गावाच्या मनात त्याहून बराच जास्त होता.

ग्रामसभेत हे मांडायचं काम माझ्याकडे आलं. देवळाच्या मंडपात प्रोजेक्टर लावला होता. मी हजार घनमीटरमध्ये आकडे सांगत होते. पुढे बसलेले एक आजोबा म्हणाले, “पोरी, त्ये घनमीटर ऱ्हाऊं दे. टँकर किती हुतील त्ये सांग.”

टँकर १० हजार लिटरचा. मी तिथल्या तिथे भागाकार केला. मुरलेलं पाणी ४० हजार टँकर, एक एकर कांदा २४० टँकर. मंडपात एकदम गलका झाला. प्रत्येक जण आपापल्या वावराचे टँकर मोजायला लागला. रब्बी ज्वारीला एक संरक्षित पाणी, म्हणजे ताण पडला की पीक वाचवायला एक पाळी, दिलं तर एकरी २४ टँकर लागतात. म्हणजे एक एकर कांद्याच्या पाण्यात दहा एकर ज्वारीला एकेक पाणी मिळतं. हे मी सांगायच्या आधीच मागून कुणीतरी हिशोब करून मोठ्याने सांगितलं. पुढचा अर्धा तास मी पडद्याकडे बघितलंच नाही. लोक विचारत होते, मी उत्तरं देत होते. अडखळायला वेळच नव्हता. टँकरची वाट बघत ज्या गावाने उन्हाळे काढलेत, त्या गावाला पाणी टँकरमध्येच मोजता येतं. समोरचा माणूस कशात मोजतो ते आधी शोधायचं, हे मला कुठल्याही सेमिनारपेक्षा त्या मंडपात जास्त कळलं.

इंग्रजीचं काम मात्र वेगळं होतं आणि त्याला सरावाशिवाय पर्याय नव्हता. कॉलेजात प्रोजेक्ट रिव्ह्यू होता. मी आधी सगळं मराठीत माझ्या रूममेटला सांगायचे. ती कॉम्प्युटरची, त्यामुळे तिला जे कळणार नाही ते मला लगेच कळायचं. मग तेच छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजीत, फोनवर रेकॉर्ड करून. ऐकताना उच्चारांकडे मी लक्ष दिलं नाही. वाक्य कुठे लांबतंय एवढंच बघितलं. लांबलं की तोडायचं. रिव्ह्यूमध्ये पहिलाच प्रश्न आला, मुरण्याचं प्रमाण दहा टक्केच का धरलं? मी गृहीत काय धरलंय, का धरलंय आणि ते बदललं तर कांद्याचं क्षेत्र किती बदलेल हे सांगितलं. आकडे मी स्वतः मोजलेल्या विहिरींचे होते, म्हणून भाषा मागे पडली नाही.

त्या ग्रामसभेतला एक प्रश्न अजून माझ्याजवळ आहे. सगळी चर्चा ज्वारीकडे झुकली तेव्हा बायकांमधून एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, “जवारीनं पोट भरंल, पर पोरीच्या कालिजाची फी कशातनं भरायची?” मंडपात कुणीच त्यांना उत्तर दिलं नाही, आणि माझ्या हिशोबात त्याला रकानाच नव्हता. शाश्वत विकासावर आम्ही परीक्षेत संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाची व्याख्या लिहितो, त्यात पुढच्या पिढ्यांच्या गरजा येतात. काकूंची पोर ही तीच पुढची पिढी, आणि तिची फी याच वर्षी भरायची होती. शेवटी गावाने कांदा निम्म्यावर आणला, उरलेला ठिबकवर घ्यायचा ठरवला. ते माझ्यामुळे नाही, त्यांनी आपसात घासाघीस करून ठरवलं.

त्यामुळे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी त्याच गावात घेतलाय. यंदा प्रत्येक पिकापुढे पाण्याबरोबर खर्च आणि हातात येणारा पैसाही मांडतेय. हजार लिटरमागे कोणत्या पिकाने घरात किती रुपये आले, हा रकाना काढायचाय. बाजारभाव दरवर्षी हलतो, म्हणून मागच्या काही वर्षांच्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या) आणि वह्या घरोघरी जाऊन बघाव्या लागतात. सुरुवात त्या काकूंच्या घरापासून केली. त्यांच्या मुलीने हिशोबाची वही स्वतः वाचून दाखवली. ती आता बी.एस्सी.ला आहे आणि पुढच्या ग्रामसभेत हे आकडे तीच मांडणार आहे.