क्लास तोच, स्वभाव भलताच: माझ्या बारा पात्रांच्या वहीची आत्तापर्यंतची प्रगती

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या, पात्र होऊन खेळायच्या खेळाच्या मूळ पुस्तकातल्या बाराही क्लासेससाठी (क्लास म्हणजे पात्राचा पेशा) एकेक असं पात्र तयार करायचं की क्लासचं नाव ऐकून डोळ्यांसमोर जे उभं राहतं ते तिथे नसावं, हा माझा सध्याचा उद्योग. बार्बेरियन (रानटी लढवय्या) म्हटलं की आरडाओरडा, रोग (इंग्रजीतला rogue, म्हणजे चोर-भामटा) म्हटला की काळी टोपी घालून भिंतीला टेकलेला कोणीतरी, पॅलाडिन (व्रतस्थ योद्धा) म्हटला की सगळ्यांना उपदेश. हे टाळायचं आहे. नुसतं उलटं करूनही भागत नाही. भित्रा फायटर, नास्तिक क्लेरिक (पुजारी), बेसूर बार्ड (भाट) ही पात्रं प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी कधीतरी आणलेली असतात, आणि दुसऱ्या सेशनला त्यांच्यातला विनोद शिळा होतो. भित्रा फायटर सांगायला मजेदार, पण त्याची पाळी आली की तो करणार काय? पळणार. पुढच्या पाळीला? परत पळणार.

म्हणून मी स्वभावापासून सुरुवातच करत नाही. आधी नियम वाचते. त्या क्लासला जी ताकद मिळते तिच्याभोवतीची रूढ गोष्ट बाजूला ठेवते आणि विचारते, हेच जमणारा आणखी कोण असू शकतो? आम्ही सध्या २०२४चं प्लेअर्स हँडबुक हे नियमांचं पुस्तक वापरतो. २०१४च्या पुस्तकात प्रत्येक बॅकग्राउंडखाली (म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याखाली) ट्रेट, आयडियल, बाँड आणि फ्लॉ (लकब, आदर्श, बंध, खोट) असे तक्ते असायचे, डाइस टाकला की स्वभाव तयार. नव्या बॅकग्राउंड्समधून ते गेले. बरेच जण त्याबद्दल हळहळतात. मला फारसं वाईट वाटलं नाही, कारण त्या तक्त्यांतून आलेला स्वभाव शीटवर छान दिसायचा आणि लढाई सुरू झाली की कोणाला आठवायचा नाही.

ओर्दा, बार्बेरियन

वहीतलं सगळ्यात जमलेलं पात्र हे. रेज (शब्दशः संताप) ही बार्बेरियनची खास ताकद. तिचा नियम नीट वाचला तर त्यात राग कुठेच सक्तीचा नाही. शस्त्रांच्या बहुतेक माराची इजा निम्मी होते, ताकदीच्या कामांत ॲडव्हांटेज मिळतो (दोन फासे टाकून चांगला धरायचा), स्पेल (मंत्र) टाकता येत नाही की टाकलेल्या स्पेलवर कॉन्सन्ट्रेशन धरता येत नाही. बस. त्यात २०२४च्या नियमांत तिसऱ्या लेव्हलला एक गंमत आहे: रेजमध्ये असताना स्टेल्थ (लपूनछपून चालणं) आणि परसेप्शन (चाहूल घेणं) यांसारखे काही चेक, म्हणजे फाशाच्या कसोट्या, स्ट्रेंग्थवर करता येतात. म्हणजे रेजमधला माणूस दबक्या पावलांनी चालू शकतो आणि बारीक आवाज टिपू शकतो. बोंबलणाऱ्या माणसाचं हे वर्णन नव्हेच.

मग असं कोण असतं, ज्याला त्या वेळी दुखत नाही, ज्याला दुसरं काही सुचत नाही आणि ज्याचं लक्ष एकाच गोष्टीवर खिळलेलं असतं? माझं उत्तर: अडलेल्या बाईजवळ बसलेली सुईण. ओर्दा ड्वार्फ या बुटक्या जमातीच्या खाणवस्तीतली सुईण आहे. एरवी तोंडाला खळ नाही. कोण जेवलं नाही, कोणाचे मोजे ओले आहेत, कोणाचं लग्न रखडलंय, सगळ्याची चौकशी. रेजमध्ये गेली की गप्प. त्यानंतर तिच्या तोंडून तीन-चार शब्दांपेक्षा लांब वाक्य येत नाही आणि येतं ते हुकूम म्हणूनच.

धान्याच्या कोठारात रात्र काढण्याचा प्रसंग होता. ओर्दा आमच्या पोरसवदा सॉर्सररला (जादूगाराला) ओल्या कपड्यांत झोपल्याबद्दल झापत होती, चांगलं लांबलचक चाललं होतं, आणि डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मध्येच सांगितलं की दाराची फळी फुटली, आउलबेअर (घुबडाच्या तोंडाचं अस्वल) आत आलाय. मी वाक्य अर्धवट तोडलं. रेज लावला असं नेहमीसारखं जाहीर न करता रेजचा टोकन फक्त पुढे सरकवला आणि म्हटलं, "दिवा धर. मागे सरक. माझ्याकडेच बघ." सॉर्सररच्या खेळाडूच्या तोंडून आपसूक निघालं, "हो मावशी." त्या दिवसापासून सगळी पार्टी तिला मावशी म्हणते, डीएमचे एनपीसी, म्हणजे त्याने चालवलेली पात्रंसुद्धा.

हल्ला न करता रेज टिकवायचा असेल तर आता बोनस ॲक्शन (पाळीतली छोटी जादा कृती) देऊन टिकवता येतो. जुन्या नियमांत त्या पाळीत हल्ला केला नाही आणि मारही खाल्ला नाही तर रेज संपायचा. ओर्दाला नवा नियम फार सोयीचा, कारण जखमी माणसाला ओढून बाजूला नेताना ती त्याच तंद्रीत राहते. बोनस ॲक्शन खर्च करताना मी "श्वास घे, सोड" एवढंच म्हणते. रेज उतरला की तिचे हात थरथरतात आणि बडबड दुपटीने सुरू होते. आता टेबलावरचे लोक ती बडबड सुरू व्हायची वाट बघतात, तेव्हाच लढाई खरी संपली असं त्यांना वाटतं.

तोबिन, रोग

स्नीक अटॅकला, म्हणजे रोगच्या जादा इजा करणाऱ्या वाराला, लपावंच लागतं हा गैरसमज अजून बराच आहे. ॲडव्हांटेज असला तर उत्तमच, पण शत्रूच्या पाच फुटांत आपल्या बाजूचं कोणी उभं असेल आणि आपल्याला डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला वाईट धरायचा) नसेल, तरीही चालतं. मला या पाच फुटांत पात्र सापडलं. तोबिन हा हाफलिंग (छोट्या चणीच्या जमातीतला) बंदराच्या जकात नाक्यावरचा माजी कारकून. कुलपं उघडायला शिकला ते बेवारस पेट्या तपासायच्या म्हणून. चोरांची सांकेतिक बोली येते ती तस्करांच्या चोपड्या वाचाव्या लागत म्हणून. आयुष्यात दमडी ढापलेली नाही. आणि पंच हजर असल्याशिवाय पंचनामा नाही, या सवयीने साथीदार शत्रूच्या शेजारी पोचल्याशिवाय तो वार करत नाही. ॲडव्हांटेज असतानासुद्धा नाही. यात माझं नुकसान होतं, कधी कधी अख्ख्या पाळीचं, आणि म्हणूनच तो स्वभाव टेबलावर दिसतो. फुकटात मिळालेला तऱ्हेवाईकपणा कोणाच्या लक्षात राहत नाही.

खजिना सापडला की तोबिन यादी करतो, सह्या घेतो. या विनोदाला मर्यादा आहे हे दिसत होतं, म्हणून त्याच्यासाठी मी दुसऱ्या खेळातून एक हत्यार उसनं आणलं. ग्रेग स्टॅफर्डच्या पेंड्रॅगन या १९८५च्या खेळात सरदारांच्या स्वभावाच्या तेरा जोड्या असतात: दयाळू आणि क्रूर, शूर आणि भित्रा, न्यायी आणि मनमानी वगैरे. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. कसोटीचा क्षण आला की डी-२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा. पहिल्या गुणाच्या आकड्याइतका किंवा कमी आला तर पात्र तसं वागतं. जास्त आला तर उलट गुणावर टाकायचा. तिथेही हुकलं तर खेळाडू मोकळा, हवं ते करावं. तेरा जोड्या आपल्या खेळाला जड होतील. मी एकच घेतली: न्यायी १६, मनमानी ४. डीएमने आधी नाक मुरडलं, मग एकदा करून बघू म्हणाला.

पार्टीला एका कैद्याला सोडवायचं होतं आणि त्यासाठी तुरुंगाच्या नोंदवहीत खोटी नोंद करायची होती. अक्षर तोबिनचंच चालणार होतं. सगळ्यांना वाटलं आता हा अडून बसणार, आणि दुसरी योजनाही तयार होती. न्यायीवर टाकला: १८. मनमानीवर टाकला: ३. म्हणजे त्याने खोटी नोंद केलीच, तीही कोणी मनधरणी न करता. माझ्या मनात हे नव्हतं आणि म्हणूनच मजा आली. तेव्हापासून तोबिनच्या खिशात दुसरी, छोटी वही आहे. तिच्यात तो काय लिहितो हे पार्टीला माहीत नाही. डीएमला आहे आणि त्याने त्यावर एक अख्खं प्रकरण रचायला घेतलंय.

बेरेल, पॅलाडिन

पॅलाडिन चिडका आणि सोवळा का वाटतो याचं उत्तर इतिहासात आहे. १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीत हा क्लास आला तो लॉफुल (नियमाने चालणारा) असण्याच्या अटीसकट. पुढे ती अट लॉफुल गुड (नियमाने चालणारा आणि सज्जन) झाली आणि मूळ नियमांतून गेली ती थेट २००८च्या चौथ्या आवृत्तीत. तीन दशकं डीएम आणि खेळाडू "हे पाप की नाही" यावर भांडले, त्याचा वास अजून गेलेला नाही.

मी कडकपणा तसाच ठेवला, फक्त त्याचा विषय बदलला. २०१४च्या पुस्तकात ओथ ऑफ द एन्शंट्स या पॅलाडिनच्या शपथेच्या कलमांत गाणं, हसणं आणि सौंदर्य यांत आनंद घ्यावा अशा अर्थाचं कलम आहे. बेरेल ते अक्षरशः पाळतो. आनंद हे त्याचं व्रत आहे आणि व्रतात सूट नाही. मोहिमेवर निघताना प्रत्येकाने गोड खाल्लंच पाहिजे, पहाऱ्यावर बसलेल्याने एक तरी गाणं म्हटलंच पाहिजे. हे विनोदी वाटतं, पण ज्या जहागीरदाराला आम्ही पकडायला गेलो होतो त्याच्याच मेजवानीत बेरेल खरोखर रमला. नाटक नव्हतं, त्याला स्वयंपाक मनापासून आवडला. दुसऱ्या दिवशी त्याच माणसावर तलवार उपसताना तो जे म्हणाला ते इथे लिहीत नाही, कॅम्पेन (अनेक बैठकी चालणारी गोष्ट) अजून चालू आहे आणि आमच्यातले दोघं हे वाचतात.

बाकीचे, भरभर

वॉरलॉक: नव्या नियमांत ताकद पहिल्या लेव्हलला येते आणि पेट्रन (ती ताकद देणारा) कोण ते सबक्लासबरोबर (क्लासच्या शाखेबरोबर) तिसऱ्या लेव्हलला ठरतं. म्हणजे दोन लेव्हल आपण कोणाचे देणेकरी आहोत हेच माहीत नाही. माझी वॉरलॉक अतिशय सभ्य आहे. तिला वाटतं ही ताकद चुकीच्या पत्त्यावर आली आणि ती परत करायला मूळ मालकाला शोधतेय. वन-शॉटसाठी (एका बैठकीच्या खेळासाठी) पुरेशी, लांबच्या कॅम्पेनला अजून दम नाही.

विझर्ड: स्पेलबुकच्या जागी गोधडी, प्रत्येक स्पेल म्हणजे एक ठिगळ. नवीन स्पेल उतरवायला स्पेलच्या लेव्हलमागे दोन तास आणि पन्नास सोन्याची नाणी लागतात, ती रंगीत दोऱ्यावर जातात. ऐकणाऱ्याला ही कल्पना लगेच आवडते. मी मात्र ती अजून पूर्ण धरत नाही, कारण गोधडी हा वेश झाला, स्वभाव नाही. ही बाई कशाला नाही म्हणेल? कुठला स्पेल शिवायला तिचा हात धजणार नाही? ते सापडेपर्यंत पान अर्धंच.

बार्ड: चुका दाखवणारा शाळामास्तर, व्हिशस मॉकरी (टोमण्याने इजा करणारा स्पेल) म्हणजे त्याचे शेरे. चालवून पाहिला, बाद केला. दर पाळीला नवा टोमणा सुचावा लागतो आणि तिसऱ्या लढाईला खेळणाराच थकतो.

क्लेरिकबद्दल एक गोष्ट सारखी डोक्यात घोळतेय. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा सहनिर्माता डेव्ह आर्नेसन याच्या ब्लॅकमूर खेळात एका खेळाडूचं पात्र व्हँपायर होऊन डोईजड झालं होतं, त्याला आवर घालायला हा क्लास जन्मला. म्हणजे क्लेरिक मुळात एका मित्राचा बंदोबस्त करायला आलेला माणूस. इथे देवभक्तीपेक्षा वेगळा काहीतरी स्वभाव दडलाय, पण अजून पकडीत येत नाही.

ग्रुपबद्दल थोडं. "माझं पात्र असंच वागेल" हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने खोडून ठेवलंय. स्वभावाचा खर्च माझ्या पाळीतून व्हावा, दुसऱ्याच्या नाही. तोबिन थांबतो तेव्हा माझा वार जातो, ओर्दाच्या खेळाडूचा... म्हणजे तीही मीच, दुसऱ्या ग्रुपमध्ये, पण मुद्दा लक्षात आला असेल. सेशन झिरोला (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीला) मी डीएमला स्वभाव एका ओळीत सांगते आणि यामुळे कोणाची गैरसोय होईल ते दुसऱ्या ओळीत. दुसऱ्या ओळीत दुसऱ्या खेळाडूचं नाव आलं तर पात्र परत वहीत.

ड्रुइड, रेंजर, फायटर आणि सॉर्सररची नुसती टिपणं आहेत, दाखवण्यासारखं काही नाही. माँकचं (हातापायांनी लढणाऱ्या साधूचं) पान कोरं आहे. कोणाकडे कल्पना असेल तर जरूर द्या, नियमापासून सुरू होणारी असेल तर उत्तम. फक्त दारुडा माँक नको. तो २०१७च्या झॅनाथर्स गाइडमध्ये अधिकृत सबक्लास होऊन बसलाय.