पेंटिंगचे पैसे कोणाचे?
आज कोथरूडचा फ्लॅट सोडला. चावी देताना घरमालक काकांनी यादीच काढली, पेंटिंग, डीप क्लीनिंग, बाथरूमचा नळ, आणि डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं कापणार म्हणे! अहो काका, रंग उन्हाने पण उडतोच की, आणि नळ गळतोय हे तुम्हाला पावसाळ्यातच व्हॉट्सॲपवर फोटोसकट पाठवलंय. मग ॲग्रीमेंट उघडलं, "नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून" असं स्पष्ट लिहिलंय त्यात, आणि ते रजिस्टर्ड आहे (१९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे रजिस्टर करायची जबाबदारी मालकाचीच असते, एजंट लोक हे सांगत नाहीत). काका जरा नरमले, काकूंनी चहा आणला. शेवटी क्लीनिंगचे दिले, पेंटिंगचे नाही म्हणजे नाही. बाकीचे "आठवड्याभरात जीपे करतो" म्हणालेत. बघू 🙄