नॉमिनीचं काम आज झालं!

आज बाबांना घेऊन बँकेत गेले आणि त्यांच्या बचत खात्यावर, मुदत ठेवींवर नॉमिनीची नोंद केली. लाइट बिलाला शेवटची तारीख असते, म्हणून ते भरलं जातं. या कामाला तारीखच नसते, त्यामुळे ते घराघरांत पुढे ढकललं जातं. आणि आळसापेक्षाही मोठी अडचण म्हणजे वडिलांसमोर 'तुमच्यानंतर' हा शब्द काढायचा कसा? शेवटी रिक्षात बाबांनीच विषय काढला. "आईचं नाव आधी, मग तुम्हा दोघांचं." केवढं हलकं वाटलं मला!

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी करता येतात, प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहून. मात्र लॉकरला एकाच वेळी वाटे नाहीत, तिथे एकामागून एक असा क्रम लावायचा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही घरात बोलून घ्या. पैसे त्याच्या हाती येतात, हक्क वारसांचा राहतो. म्हणून मृत्युपत्र वेगळं लागतंच. तो विषय आम्ही दिवाळीला भाऊ आला की घेणार आहोत.

दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. वारसांना त्या परत मागता येतात, पण कागदपत्रांसाठी किती धावपळ होते ते मी मावशीच्या घरी पाहिलंय.

तुम्ही गेलात तर अर्जाची पोच घ्याच आणि पासबुकावर नामांकनाची नोंद छापून मागा.