उत्तरेकडची खोली

सोलापुरात सौर प्रकल्पांचे आराखडे करणाऱ्या अभियंत्याचा निम्मा वेळ उन्हाळ्याशी हुज्जत घालण्यात जातो. पॅनेल तापले की त्याचे व्होल्टेज उतरते, इन्व्हर्टर तापला की तो आपणहून वीज कमी देतो आणि बॅटरी तापली की लवकर म्हातारी होते. त्यामुळे बॅटरीची खोली इमारतीच्या उत्तरेला, जाळीची खिडकी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा, हे हाताला इतके बसले आहे की नकाशा काढताना त्यावर विचारही होत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या छोट्या कार्यालयाकडे लडाखमधील चांगथांग पठारावरच्या एका वस्तीचे काम पोटकंत्राटाने आले. २०१९ मध्ये श्रीनगरहून लेहपर्यंत २२० केव्हीची (किलोव्होल्टची) वीजवाहिनी पोहोचली असली, तरी ही वस्ती तिच्यापासून फार दूर आहे; तेथे संध्याकाळचे काही तास डिझेल जनित्र चालते आणि हिवाळ्यापूर्वी ट्रकने आणून ठेवलेले डिझेल संपले की अंधार. त्याच पठाराच्या वाटेवर पांग येथे १३ गिगावॉटची योजना आखली आहे आणि तिची वीज थेट हरियाणातल्या कैथलपर्यंत नेण्याच्या वाहिनीला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. आमचे काम ६० किलोवॉटचेही नव्हते.

ते मी मन लावून केले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पॅनेलचे व्होल्टेज कारखान्यात २५ अंशांना मोजतात आणि थंडीत ते वाढते, ही गोष्ट सोलापुरात कागदावरच राहते. येथे एका ओळीत २० पॅनेल लावली असती, तर ४९.५ व्होल्टप्रमाणे ९९० व्होल्ट झाले असते आणि ११०० व्होल्टच्या इन्व्हर्टरला ते सहज पेलले असते. पण उणे ३० अंशांच्या पहाटे सूर्य उगवताच तीच ओळ ११३५ च्या पुढे जाऊन इन्व्हर्टर जाळते. म्हणून मी १८ ठेवली. बर्फ घसरून पडावे आणि हिवाळ्यातले तिरपे ऊन मिळावे यासाठी पॅनेल सुमारे ५० अंशांत उभी केली. आपल्याकडे १८ अंश पुरतात. ४,००० मीटरच्या वर हवा इतकी विरळ असते की पंखा फिरूनही यंत्राची उष्णता पुरेशी वाहून नेत नाही, म्हणून इन्व्हर्टरची क्षमताही कमी धरली. बर्फाळ प्रदेशात यंत्र तापण्याची काळजी करावी लागते, हे आमच्या वरिष्ठांना तीन वेळा समजावावे लागले. त्यांना निविदेतील रकमेपलीकडचे काही समजावणे एरवीही अवघडच असते.

मे महिन्यातली दुपार होती, बाहेर ४३ अंश. वस्तीवर जनित्र सांभाळणारे गृहस्थ लेहला आले होते आणि तेथे नेटवर्क असल्यामुळे नकाशा समोर ठेवून आमचे बोलणे चालले होते. त्यांनी पॅनेलबद्दल काही विचारले नाही. एका कोपऱ्यावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘‘मॅडम, उत्तरेकडच्या खोलीत आम्ही मांस ठेवतो. चार महिने टिकते.’’

मी थोडा वेळ गप्प बसले. लिथियमच्या बॅटरीला शून्याखाली चार्ज करता येत नाही, केल्यास आत ग्रॅफाइटवर लिथियम धातूचा थर साचतो आणि ती कायमची बिघडते, हे मला ठाऊक होते. म्हणून मी विजेचा हीटरही लिहिला होता. म्हणजे लख्ख उन्हात पॅनेल वीज देण्यास तयार, बॅटरी ती घेण्यास नकार देत गोठून बसलेली, आणि तिने रात्री साठ्यातली वीज स्वतःला शेकण्यात संपवलेली. इतका सगळा हिशेब थंडीचा करूनही खोली मात्र मी सोलापूरचीच काढली होती.

उपाय त्यांनीच सांगितला. खोली दक्षिणेला घ्यायची, मातीच्या कच्च्या विटांची जाड भिंत बाहेरून काळी रंगवायची, तिच्यापुढे थोडे अंतर सोडून काच लावायची. दिवसभर ऊन पिऊन ती भिंत रात्री आत ऊब सोडते. लेहजवळ फ्ये येथील सेकमॉल या शिक्षणसंस्थेच्या शाळेच्या मातीच्या इमारती उन्हावरच उबदार राहतात. मी हिशेब केला, तेव्हा हीटर जवळजवळ लागतच नव्हता.

सुधारित नकाशा परत आला. शेरा असा, की कच्ची वीट मंजूर दरसूचीत नाही. हीटर आहे, तो ठेवावा. परवडणारी वीज हे शब्द ज्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर तीनदा आले आहेत, त्यातली सर्वांत स्वस्त वस्तू अशी बाहेर काढली गेली.

जानेवारीत त्या गृहस्थांनी छायाचित्र पाठवले. खोली दक्षिणेला, काळी भिंत, काच बहुधा कुठल्या तरी जुन्या खिडक्यांची, कारण तीन तावदाने तीन मापांची होती. आत दोरीला टांगलेला तापमापक ९ अंश दाखवत होता. वस्तीतल्या लोकांनी भिंत स्वतःच्या श्रमाने उभी केली होती. बॅटरी बसवायला आलेल्या मुलांना त्यांनी चहा पाजून खोली बदलायला लावली.

आता काम पूर्ण झाल्याचे नकाशे माझ्या सहीसाठी आले आहेत. त्यांत बॅटरी मंजुरीप्रमाणे उत्तरेकडच्या खोलीतच दाखवली आहे आणि हीटर बसवल्याची नोंद आहे. खोली दक्षिणेला दाखवली तर देयक अडेल, असे वरिष्ठ सांगतात. उत्तरेला दाखवली, तर पाच-दहा वर्षांनी बॅटरी बदलायला येणारा कोणी नवा अभियंता हाच नकाशा घेऊन तेथे जाईल आणि कदाचित ती भिंत अतिक्रमण म्हणून पाडायला सांगेल. आज अकरावा दिवस आहे. फाईल टेबलावर आहे, सही केलेली नाही.