अंध उमराव आणि फ्लोरेन्सची दफ्तरे

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील जुने कागद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मार्क्वेस जीनो काप्पोनी फारसे परके वाटणार नाहीत. १७९२ साली फ्लोरेन्सच्या एका पुरातन घराण्यात जन्मलेल्या या उमरावाची ओळख सहसा टस्कनीचे, म्हणजे फ्लोरेन्स राजधानी असलेल्या आणि ग्रँड ड्यूकच्या सत्तेखालील तेव्हाच्या स्वतंत्र इटालियन राज्याचे, पंतप्रधान अशी करून दिली जाते. पण ते पद त्यांच्याकडे १८४८ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन महिने होते. टस्कनीतल्या लिव्होर्नो बंदरातील बंडाळी आवरली नाही, मंत्रिमंडळ गेले, आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाचे सैन्य फ्लोरेन्समध्ये शिरले. तोवर त्यांची दृष्टी गेलेली होती, आणि ते सैनिक पाहावे लागत नाहीत याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले, असे सांगतात.

माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व कागदांच्या कामात आहे. व्हियेस्यो या पुस्तकप्रेमी व्यापाऱ्याला हाताशी धरून त्यांनी १८२१ मध्ये ‘अँतोलोजिया’ हे मासिक उभे केले, आणि ते १८३३ मध्ये सरकारने बंद पाडल्यावरही स्वस्थ न बसता १८४२ पासून निघालेल्या ‘आर्किव्हिओ स्तोरिको इतालियानो’ या प्रकाशनाला पाठबळ दिले. जुने वृत्तांत आणि अप्रकाशित दस्तऐवज छापून लोकांपुढे ठेवायचे, हा त्याचा हेतू होता. आपल्याकडे असेच काम करणाऱ्या विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो १८९८ मध्ये. फरक इतकाच, की काप्पोनींच्या मागे वाडा, ग्रंथसंग्रह आणि जमिनीचे उत्पन्न होते, तर राजवाडे दफ्तरांच्या शोधात गावोगाव पायपीट करीत होते.

त्या जमिनीविषयीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. टस्कनीत शेत मालकाचे, राबणूक कुळाची आणि पीक निम्मेनिम्म अशी वहिवाट होती, आणि फ्लोरेन्सच्या जॉर्जोफिली या शेतीविषयक अकादमीत काप्पोनींनी तिची बाजू घेतली. खानदेशातली बटाई जवळून पाहिलेल्याला ही वकिली पटणे अवघड आहे, कारण नापिकीच्या साली निम्म्याचा अर्थ मालकाला एक असतो आणि कसणाऱ्याला निराळा. इतका साक्षेपी विद्वानही स्वतःच्या शेताच्या बांधापर्यंत आला की थांबला, असे मला वाटते.

डोळे गेल्यानंतर मात्र हे गृहस्थ थांबले नाहीत. दुसऱ्यांकडून वाचून घेत आणि मजकूर सांगत त्यांनी फ्लोरेन्सच्या प्रजासत्ताकाचा इतिहास लिहून काढला. इटली एक झाली, ते सिनेटर झाले, तरी हे काम चालूच राहिले; ग्रंथ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८७६ च्या फेब्रुवारीत ते वारले. ग्रँड ड्यूकची चाकरी केलेल्या या मार्क्वेसने उतारवयातील इतकी वर्षे ड्यूकांच्या नव्हे, तर त्यांच्यापूर्वीच्या नागरी सत्तेच्या इतिहासाला दिली.