टिप्या नसलेल्या घरातल्या पिसवा

"घरात मेलेले उंदीर सापडले नाहीत, हे चांगलं म्हणायचं की वाईट?"

फोन उचलल्या उचलल्या हा प्रश्न. मी विचारलं, सर, काम कशाचं आहे? झुरळं, ढेकूण, वाळवी? "पिसवा," ते म्हणाले. "आम्ही दोघं अंगणात बसलोय. आत पाय ठेवण्याची सोय नाही."

मी छत्रपती संभाजीनगरात पेस्ट कंट्रोल करतो. पिसवांचे फोन तसे कमी, आणि आले तरी त्यातले बरेच गोचिडांचे निघतात. त्यामुळे आधी विचारून घ्यावं लागतं, भिंतीवर चढतात की उडी मारतात? गोचीड भिंतीने वर जाऊन छताच्या फटीत बसतात, पिसवांचा सगळा कारभार जमिनीवर. पंप कुठे फिरवायचा ते यावरच ठरतं. सरांच्या बाबतीत विचारायची गरज पडली नाही. गेलो तेव्हा काकू पायरीवर बसून पिंडऱ्या खाजवत होत्या. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल पुरळ, गुडघ्याच्या वर जवळपास काही नाही.

सिडकोतलं जुनं रो-हाऊस, खाली शहाबादी फरशी. दोघं जूनमध्ये मुलाकडे बेंगळुरूला गेले ते दिवाळी करूनच परतले. टिप्या नावाचा गावठी कुत्रा, तो जूनपासून गावी, शेतावर वाटेकऱ्याकडे. म्हणजे जवळपास पाच महिने या घरात ना माणूस ना कुत्रा. आणि कुलूप काढून बॅगा ओढत आत गेले तर पाच मिनिटांत बाहेर.

शेजाऱ्यांचं निदान तयार होतं: कुत्रा पाळला की असंच व्हायचं. त्यांनीच कुणाला तरी बोलावून आदल्या दिवशी फवारणीही करून घेतली होती. वर्षाची गॅरंटी, वास असा की गल्लीच्या टोकाला कळावा. आमच्या धंद्यात वास विकला जातो. बिनवासाचं चांगलं औषध मारलं की गिऱ्हाईक म्हणतं, पाणी मारून गेला. दुसरीकडे सरांचा पुतण्या कृषी सेवा केंद्रातून कपाशीवर मारायच्या औषधाचा डबा घेऊन आला होता. तो मी आधी परत पाठवला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात हीच असली औषधं उघड्या रानात फवारताना माणसं मेली. इथे तर बंद खोल्या आणि सत्तरीतली दोन माणसं.

पँटवरून गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवून मी आत गेलो. माझ्या सोबतच्या पोराने दारातच बसकण मारली. हॉलच्या मध्यावर पोचेपर्यंत मोज्यांवर तीळ उडवल्यासारखं झालं. इतक्या पिसवा मी एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या.

लोकांना वाटतं पिसू कुत्र्यावर राहते. अंगावर दिसतात त्या एकूण पसाऱ्यातल्या साधारण ५ टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोष घरात असतात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. अंडी चिकट नसतात, जनावर जिथे झोपेल, अंग झटकेल तिथे गळतात. अळ्या उजेड टाळून फटीत शिरतात आणि मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्तच, खाऊन वाढतात. कोरड्या हवेत त्या मरतात. मराठवाड्यातला पावसाळा, बंद खिडक्या आणि शहाबादीचे उखडलेले सांधे, यापेक्षा चांगली सोय त्यांना कुणी केली नसती. मग कोष. त्याचा रेशमी धागा चिकट असतो, त्यावर घरातलीच धूळ बसते, समोर असून दिसत नाही. औषध आत पोचत नाही. तयार झालेली पिसू आत काही महिने गप्प बसू शकते. पावलांची धडधड, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यातलं काही लागलं की बाहेर. सरांनी चाकांच्या बॅगा फरशीवरून ओढल्या ती त्यांना वर्दीच.

पण पाच महिने जरा जास्तच वाटत होते, म्हणून मी घर शोधायला लागलो. जिन्याखाली गाद्या रचून ठेवल्या होत्या. सगळ्यात वरची मध्ये दबलेली, तिच्यावर बारीक भुरे केस आणि काळी भुकटी. ओल्या कापसावर ती भुकटी टिपली, कापूस तांबूस झाला. रक्त. वर बाथरूमच्या खिडकीची एक काचपट्टी निघालेली होती. बाहेरची मांजर आत येऊन व्यायली, तिने पिल्लं मोठी केली आणि निघून गेली. तसंही जगभर कुत्र्यांच्या अंगावर सर्रास सापडते ती पिसू मांजराच्याच जातीची. टिप्याचा यात काही हात असलाच तर तो जूनपर्यंतचा. हे शेजाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तरी पण."

सर मात्र अजून उंदरांवरच अडले होते. का, ते मग कळलं. ते मूळचे बीड जिल्ह्यातले. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोक भीतीने घरात झोपत नव्हते, धान्य मात्र आत साठलेलं. उंदीर वाढले. ऑगस्ट १९९४ मध्ये मामला गावात उंदीर मरून पडायला लागले, पिसवांचा त्रास सुरू झाला, मग माणसांच्या जांघेत प्लेगच्या गाठी. बंद घर आणि पिसवा म्हटल्यावर सरांच्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं.

माझ्या किटमध्ये एक छोटा खिशातला मायक्रोस्कोप असतो. पोरं त्याला खेळणं म्हणतात. मोज्यावरच्या पिसवा सेलोटेपवर चिकटवून सरांना दाखवल्या. मांजराच्या पिसवेला गालाखाली आणि मानेमागे काळ्या काट्यांचे कंगवे असतात. प्लेग पसरवण्यात जिचं नाव सगळ्यात आधी येतं त्या उंदराच्या पिसवेला कंगवाच नसतो. सरांनी चष्मा काढून एकेक टेप तपासली, पेपर तपासावेत तशी. "सगळ्यांना आहेत," ते म्हणाले आणि पहिल्यांदा पाणी मागितलं.

काम असं केलं. आधी व्हॅक्यूम, तोही फरशीच्या प्रत्येक सांध्यातून, दिवाणाखाली, सोफ्याच्या शिवणींत, जिन्याखालच्या कोपऱ्यात. त्याने अंडी निघतात आणि धडधडीने कोषातल्या बाहेरही येतात. पिशवी लगेच बांधून घराबाहेर. वरची गादी फेकली, बाकीचं अंथरूण गरम पाण्यात. मग पंप. झुरळांसाठी आपण कडेकडेने जातो, इथे अख्खी जमीन बारीक फवाऱ्याने ओली करायची, पण थारोळं नाही. मोठ्या पिसवा मारणारं एक औषध आणि अळीची पिसू होऊ न देणारं दुसरं. हे दुसरं बरेच जण वापरतच नाहीत. महाग पडतं आणि त्याचा परिणाम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर घडत नाही. बाहेर फक्त सावलीतली माती, पायरीखाली आणि कुंड्यांमागे. भर उन्हात अळ्या टिकत नाहीत. फरशी वाळेपर्यंत घर बंद. खिडकीची पट्टी बसवून घेतली.

मग मी नेहमीचं सांगितलं: दोन-तीन आठवडे पिसवा दिसत राहतील, कारण कोषांना कोणीच मारू शकत नाही. त्या बाहेर येऊन औषधावरून चालल्या पाहिजेत. म्हणून घर बंद ठेवू नका, रोज सगळ्या खोल्यांतून फिरा. आणि टिप्याला आणा. डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे पिसवांची गोळी द्या आणि घरभर मोकळा सोडा. नव्याने निघणारी प्रत्येक पिसू त्याच्याकडे जाईल आणि तिथेच मरेल.

"गोळीने कशी मरेल?"

"औषध रक्तात उतरतं, सर. चावली की मरते."

"म्हणजे चावू द्यायचंच ना?" सर म्हणाले. "मांजरीने केलं, शेजाऱ्यांनी त्याच्या नावावर खपवलं, आणि आता आमिष म्हणून पण त्यालाच बांधायचं?"

मी समजावून पाहिलं. गोळी त्याला शेतावरही लागणारच आहे, तिथे तर वाटेकरी जनावरांच्या गोचिडाचं औषध त्याच्यावर ओततो. आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांशी फोन लावून दिला, त्यांनीही तेच सांगितलं. सरांनी गोळी कबूल केली, वाटेकऱ्याकडे पाठवलीही. कुत्रा आणायला ठाम नकार.

त्याऐवजी ते स्वतः चालले. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, हातात साबणाच्या पाण्याचं ताट, हॉल, स्वयंपाकघर, जिना, परत हॉल. मोज्यावर आलेली पिसू ओल्या बोटाने टिपून ताटात. वहीत तारीख आणि आकडा. वहीच्या पानाचा फोटो मला रोज व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, खाली लाल पेनाने बेरीज. पहिल्या आठवड्यात आकडा वाढला तेव्हा काकूंचा फोन आला, तुम्ही नीट मारलं होतं ना? मी सांगितलं, वाढायलाच हवा. दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा व्हॅक्यूम मारून आलो. मग आकडा उतरत गेला. वहीत सलग शून्यं आली तेव्हा सर गाडी करून टिप्याला घेऊन आले.

कुत्रा असता तर लवकर आटपलं असतं, हे मी आजही म्हणेन. गोळी घेतलेल्या जनावराला घरभर फिरू द्यावं, हाच शिरस्ता आहे आणि तो बरोबर आहे. तरी त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चावू तर द्यायचंच असतं. आता मी गिऱ्हाइकाला अर्धं वाक्य सांगत नाही. गोळी द्या, फिरू द्या, त्याला थोड्या चावतील, असं पूर्ण सांगतो. बहुतेक लोक चावण्याचं ऐकतही नाहीत, गोळी केवढ्याला पडेल ते विचारतात. परवा एका बंगलेवाल्याने मात्र नीट ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाला, आमचा जरा महागातला आहे, शेजाऱ्यांचा आणला तर चालेल का?